माझ्या पातेल्यातला नोन्नाचा चमचा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, गावात भावाला नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हासुद्धा मी भलतंच काहीतरी बोलत राहतो — पोरांचं, गुडघ्याचं — म्हणजे त्याने हे विचारूच नये. आता तुम्हाला सांगतोय. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, हेही आधीच सांगून ठेवतो. माझा विश्वास लवकर कुणावर बसत नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही अर्धंमुर्धं. लिहिताना काना-मात्रा चुकत असेल, चुकू दे. पण रांधण्यात मला कुणी चूक दाखवावी, अशी कुणाची टाप नव्हती. आमचं गाव देवरुखच्या बाजूला. काका लग्नकार्यातला आचारी, त्याच्या हाताखाली मी वाढलो. त्याचा एक नियम होता — रांधताना चव घ्यायची नाही. देवाला दाखवायचं ते आधी आपण उष्टं करायचं काय? मीठ वासावर ओळखायचं. पातेल्यावर वाकायचं, वाफ नाकात घ्यायची, की समजतं, कमी आहे की जास्त. तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे. मी जन्मभर तसाच रांधत आलो. गावच्या पंगतीत, मग रास अल खैमाला सिमेंट कंपनीच्या मेसमध्ये, आणि मग अबुधाबीत, खलिफा सिटीतल्या या व्हिलात.

व्हिला इटालियन माणसांचा. साहेब इंजिनिअर, मॅडम ऑफिसात, आणि कियारा नावाची एक मुलगी, तेव्हा सात-आठ वर्षांची. मॅडम फोनवर व्हिडिओ लावून द्यायच्या, मी एकदा बघायचो आणि करायचो. त्यांचा तो रिसोटो म्हणजे आपलं खिमट, पण हसू न येऊ देता करायचो. साहेब पाहुण्यांना सांगायचे, हा आमचा दत्ता, हा शेफ आहे. शेफ. तो शब्द मी मुद्दाम गावी फोन करून सांगितला होता.

मांस कसलं आहे ते मी विचारत नसे. मी चव घेत नाही याचं त्यांना काही वाटायचं नाही — हिंदू आहे, धर्माचं काही असेल, असं ते समजायचे. ती समजूत मी कधी मोडली नाही. पुढे ती फार कामाला आली.

कशी, ते सांगतो. सांगायचंच आहे तर सगळं सांगू.

करोनाच्या त्या साथीत मला ताप आला. आठवडाभर पडलो, उठलो, कामाला लागलो. एके सकाळी दूध करपलं. घर वासाने भरलं म्हणे. घरकाम करणारी लिझा वरच्या मजल्यावरून धावत खाली आली, आणि मी त्या दुधासमोरच उभा. मला काहीच आलं नव्हतं. ती गेल्यावर मी लिंबू कापून नाकाला लावलं. मग हिंगाची डबी. हिंग, बरं का. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

येईल, येईल म्हणत राहिलो. आलं नाही. सांगणार कुणाला? साठी उलटलेल्या आचाऱ्याला नाक नाही हे कळल्यावर त्याचा व्हिसा कोण लावेल? मग हाताच्या अंदाजावर चालवलं; चाखत का नाही, हे त्या घरात कुणी विचारणार नव्हतं. तुम्ही म्हणाल, चव घ्यायची होती, प्रश्न मिटला असता. नाही घेतली. काकाचा नियम म्हणून नाही घेतली, की जिभेलाही काही लागलं नाही तर काय, या भीतीने नाही घेतली — ते माझं मला ठाऊक.

अशात साहेबांची आई आली. नवरा वारला म्हणून लेकाकडे राहायला. इटलीच्या पार खालच्या टोकाची, खेड्यातली बाई. सगळे तिला नोन्ना म्हणायचे, म्हणजे आजी. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, मग मीही नोन्नाच म्हणू लागलो. बुटकी, काळे कपडे, हात मात्र माझ्यापेक्षा रुंद. इंग्लिश नाही, हिंदी तर नाहीच. आली त्याच दिवशी किचनमध्ये शिरली आणि माझी एकेक बरणी उघडून वास घेऊ लागली.

का? माझ्या बरण्यांत तिचं काय होतं? आणि वासच का घ्यायचा, तोही माझ्यासमोर?

मग ती रोज यायची. ओट्याशी खुर्ची ओढून बसायची. मी कांदा कापतोय, ती बघतेय. स्वतःचा लाकडी चमचा घेऊन यायची. पातेल्यात बुडवायचा, चाखायचं, आणि तोच चमचा परत पातेल्यात. माझ्या अंगावर काटा यायचा. रविवारी तिचा टोमॅटोचा सॉस असायचा. सकाळी मंद आचेवर चढवायचा, त्यात दोऱ्याने बांधलेल्या मांसाच्या गुंडाळ्या, आणि पातेल्यावर झाकण तिरकं, चमच्यावर टेकवलेलं. तिरकं झाकण मला बघवत नाही. मी ते नीट लावायचो. ती येऊन परत तिरकं करायची. मी नीट, ती तिरकं. शब्द नाही. कितीतरी रविवार आमचं हेच भांडण चालू होतं.

मग एका रविवारी तिने रव्याचं घट्ट पीठ मळलं. वळ्या केल्या, बारीक तुकडे कापले, आणि एकेक तुकडा सुरीने ओढून अंगठ्यावर उलटा करायला लागली. कानाच्या पाळीएवढी वाटी व्हायची. त्याचं नाव लांबलचक आहे, मला येत नाही. मी बघत उभा होतो आणि माझा हात आपोआप पुढे गेला. कारण हे मला येत होतं. आई रुखवतासाठी नखुल्या करायची, गव्हले करायची. बायकांचं काम ते. पण आम्हाला बहीण नाही, म्हणून मला पाटासमोर बसवायची. मेसमध्ये इतकी वर्षं काढली, कुठल्या पुरुषमाणसाला मी हे कळू दिलं नव्हतं.

मी एक तुकडा उचलला, नखाने दाबून ओढला. नखुली झाली. म्हातारीने ती उजेडात धरली, आपल्या वाटीशेजारी ठेवली, दोन्हींकडे बघितलं. मग मोठ्याने हसली आणि माझ्या मानेवर थाप मारली, पोराला मारतात तशी. माझ्या मानेला इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

त्यानंतर तिने मला सगळं शिकवायला घेतलं. कुठलं पीठ किती मळायचं, सॉसमध्ये तुळस कधी टाकायची, कुठल्या गोष्टीला घाई करायची नाही. सगळं हाताने, खुणेने. कधी कियारा मध्ये बसून तिचं मला आणि माझं तिला सांगायची. तेव्हाच कळलं की म्हातारी शाळेत कधी गेलीच नव्हती. हाती पेन्सिलसुद्धा धरता येत नाही तिला. कियारा खूप हसली. मी हसलो नाही.

तुम्हाला वाटेल, बरं जमलं दोघांचं. मलाही वाटलं — थोडे दिवस. मग डोकं चालायला लागलं. ही मला सगळं का शिकवते? आमच्याकडे सख्खी मावशी मसाला सांगताना त्यातली एक गोष्ट गाळून सांगते, आणि ही परकी बाई एवढी मोकळी? माझा व्हिसा त्याच वर्षी संपत होता. साहेब आणि ती बोलत असले की मध्ये माझं नाव यायचं, आणि मी ट्रे घेऊन गेलो की दोघं गप्प. का गप्प? मॅडम ताट बाजूला सारताना माझ्याकडे बघत का नाहीत? घरात आई रांधणार असेल तर आचारी हवाच कशाला — एवढा हिशोब कुणालाही जमतो.

आणि मग मी ते पाहिलं.

माझं सूप होतं आचेवर, भाज्या आणि राजम्याचं. मी मागच्या अंगणात कचरा टाकून येत होतो. दाराच्या काचेतून दिसलं, म्हातारी माझ्या पातेल्यावर वाकलेली. तिने मागे वळून बघितलं, कुणी आहे का. चमचा बुडवला, चाखला, तोंड कसनुसं केलं. मग ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढून आत सोडलं, वरून किटलीतलं पाणी ओतलं. मी बाहेरच थांबलो. बऱ्याच वेळाने तिने ते काहीतरी बाहेर काढलं, कागदात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात पार खाली दडपलं.

ती गेल्यावर मी तो कागद उघडला. सोललेला अर्धा बटाटा.

बटाटा कशासाठी टाकतात हे मला ठाऊक नव्हतं, असं सांगितलं तर माझं काम सोपं होईल. ठाऊक होतं. मीठ जास्त झालं की टाकतात. लग्नाच्या आमटीत मी स्वतः टाकलेला आहे, दुसऱ्याने बिघडवलेल्या. पण माझ्या पातेल्यात? मी त्या कागदाकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या मनात एकच आलं — हिला कळलंय. माझं नाक गेलेलं हिला कळलंय, आणि ही चोरून सगळं बघून ठेवतेय, लेकाला सांगायला. दुसरं काही असू शकतं हे मनात आलंच नाही. की येऊ दिलं नाही?

त्या दिवसापासून मी तिच्याशेजारी बसणं सोडलं. ती पीठ मळून हाक मारायची, "दत्ता, दत्ता." मी कपडे इस्त्री करायला निघून जायचो. माझं कामही नव्हतं ते.

आता त्या दुपारचं. इथपर्यंत आलोय तर आता मागे वळता येत नाही.

घरात आम्ही दोघंच होतो. नोन्ना वर झोपलेली. मी गॅसवर पाणी ठेवलं आणि मागच्या माझ्या खोलीत जाऊन गावी फोनवर बोलत बसलो. पाणी उतू गेलं असणार. ज्योत विझली, गॅस चालूच. परत आलो, एसी बाहेर जायला नको म्हणून दार लावून घेतलं, आणि कांदे कापत बसलो. कांदे संपले. डोकं जड झालं होतं, म्हटलं वय झालं. पाण्यात बोट घातलं तर कोमट, इथे नळाचं पाणीच तेवढं असतं. म्हटलं, आपण पेटवलाच नाही की काय. लायटर हातात घेतला.

तेवढ्यात दार उघडलं. कियारा, शाळेची बॅग पाठीवर. म्हणाली, "दत्ता अंकल, गॅस! इट स्मेल्स सो बॅड."

लायटर माझ्या हातात होता. अंगठा त्याच्यावर होता.

तो मी खिशात टाकला. कळ बंद केली. हे मी किती झटकन केलं, तुम्हाला सांगू? मॅडम पोरीच्या मागोमाग आत आल्या तोवर माझे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी पोरीला बाहेर ढकललं, खिडक्या उघडल्या, दारं उघडली. आरडाओरड ऐकून म्हातारी जिना उतरून आली, केस सुटलेले, पायात काही नाही. मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला विचारलं, हे कुणी केलं.

मी म्हणालो, "नोन्ना."

म्हणालो, नोन्नाने काहीतरी ठेवलं, नोन्ना विसरली, मी आत्ता आलो, मी बंद केला. एवढं इंग्लिश मला एका दमात कधी आलं नव्हतं.

मॅडमने तिला तिच्या भाषेत विचारलं. ती शेगडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इओ?" म्हणजे मी? तेवढं मला समजत होतं. पुढे होऊन तिने कळीला हात लावला, जणू बोटांना आठवेल. मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो. राग असता तर मी भांडलो असतो. ती मला विचारत होती — तू इथे असतोस, तुला ठाऊक असेल, मी केलं का रे हे?

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

झालं. हेच ते. मॅडमशी बोललो ते घाबरून बोललो, असं एखादा म्हणेल. पण ती मान मी घाबरून हलवली नव्हती. ती मी विचार करून हलवली.

अजून थोडं आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

संध्याकाळी साहेब किचनमध्ये आले. ओट्याला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता पकडलं. ते म्हणाले, "फर्स्ट द सॉल्ट, नाऊ धिस." मी विचारलं, कसलं सॉल्ट, सर? तेव्हा त्यांनी सांगितलं. काही महिन्यांपासून जेवण अधूनमधून खारट व्हायचं. ते मला बोलणार होते. तर आई म्हणाली, दत्ताला काही बोलू नका, त्याने बरोबरच घातलेलं असतं, मीच वरून परत घालते, घातलेलं विसरते. प्रत्येक वेळी हेच म्हणाली. आपली आई विसरायला लागली, ही शंका त्यांना त्या मिठावरूनच आली होती.

मी ऐकत होतो. तिने माझ्या पातेल्यात मीठ कधीच घातलं नव्हतं. बटाटा घातला होता. माझी चूक तिने आपल्या नावावर घेतली होती, आणि म्हणूनच माझं खोटं त्या घरात एवढ्या सहज खपलं.

साहेब समोर होते. किचनमध्ये आणखी कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं, माझ्या मोडक्या इंग्लिशमध्येसुद्धा. मी म्हणालो, "सॉरी सर. ओल्ड एज." आणि भांडी विसळायला घेतली.

मग तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने तिला कागद-पेन्सिल देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिला जमलं नाही. गोल वाकडा झाला, आकडे एका बाजूला गोळा झाले. मॅडम मला हे सांगताना रडल्या. तिला पेन्सिल धरता येत नाही, ती कधी शाळेत गेली नाही — लेकाला ठाऊक असणारच, पण त्या दिवसांत त्याला ते आठवलं नाही. मला आठवलं. मी मॅडमना पाण्याचा ग्लास आणून दिला.

गॅसच्या कळा काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धत सुरू झाली. ड्रॉवरची चावी माझ्याकडे. म्हातारी किचनच्या दारापर्यंत यायची, आत यायची नाही. दारातून शेगडीकडे बोट करून मला विचारायची, बंद आहे ना? मी म्हणायचो, बंद. थोड्या वेळाने परत. पहिल्यांदा तिला काही होत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. शेवटी शेवटी तिला खरंच दोनदोनदा विचारावं लागायचं. ते कुणी केलं?

हिवाळ्यात साहेब तिला घेऊन गेले, तिकडे नन लोक चालवतात अशा एका आश्रमात ठेवायला. निघताना ती दारातून दोनदा मागे फिरली. माझ्यासाठी नाही, शेगडी बघायला. गाडी गेल्यावर मला काय वाटलं ते लिहितो, कारण न लिहिलं तर हे सगळंच खोटं होईल. मला हायसं वाटलं. किचन परत माझं झालं होतं. झाकण मी नीट लावून टाकलं. महिन्याभरात माझा व्हिसा लागला. साहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, तू माझी मुलगी वाचवलीस.

आता मी चव घेतो. दार लावून, वेगळ्या चमच्याने. मीठ समजतं. जिभेला ते पहिल्यापासून समजत असणार. मी एकदाही बघितलं नव्हतं.

रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. कियारा आता मोठी झाली, फोन घेऊन किचनमध्ये येते आणि माझ्यासमोर धरते. म्हातारी बारीक झालीय. तिथे तिला रांधायला देत नाहीत, पीठसुद्धा मळू देत नाहीत, आणि ती तक्रार करत नाही. तिथल्या बायांना ती स्वतःच सांगते म्हणे, मला आगीजवळ जाऊ देऊ नका. कधी कधी मला संशय येतो, तिला सगळं ठाऊक आहे. त्या दुपारीही होतं. मग तिचे डोळे बघतो आणि समजतं, नाही. तिने माझ्या मानेवर विश्वास ठेवला.

गेल्या रविवारी ती बराच वेळ काहीतरी बोलली. मी कियाराला विचारलं, काय म्हणते? कियारा म्हणाली, "शी सेज, थँक यू फॉर क्लोजिंग द गॅस. शी सेज इट एव्हरी टाइम, अंकल. आय जस्ट डोन्ट ट्रान्सलेट."

मी फोनकडे बघून हात हलवला. ओके नोन्ना, म्हणालो. ओके.

ती अजून जिवंत आहे. कियारा रोज चारला शाळेतून येते, सांगितलं तर शब्दाला शब्द तिकडे पोचवेल. मी सांगितलेलं नाही.